टीव्हीवरचं दूध

करंजवाडीत टीव्ही आला तो अठ्ठ्याहत्तर सालच्या संक्रांतीच्या आसपास, आणि आला तो सावळारामच्या घरी. त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. आसपासच्या सात वाड्यांचं दूध गोळा करून सावळाराम रोज पहाटे टेम्पोनं पुण्याच्या डेअरीला पोचवायचा. रोज पुणं बघणारा गावात तो एकटाच. आपल्या नव्या स्लॅबच्या घरावर त्यानं उंच कळक उभा केला, त्याला अँटेना बांधला आणि त्याचं तोंड सिंहगडाकडं केलं. गडावरच्या मनोऱ्यावरून चित्र येतं, हे तो येईल त्याला सांगायचा.

"पूर्वी गडावरनं तोफा वाजायच्या, आता बाया नाचत येत्यात," म्हातारा कोंडिबा म्हणाला, आणि शनिवारचा मराठी सिनेमा, रविवारचा हिंदी सिनेमा बघायला अख्खं गाव सावळारामच्या दारात जमायला लागलं.

टीव्ही पडवीत टेबलावर ठेवलेला. भावकीतली माणसं पडवीत घोंगड्यांवर, बाकीचा गाव अंगणात, आणि बौद्धवाड्यातली माणसं अंगणाच्या कडेला, निंबाच्या बुंध्याशी. असं बसा म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं.

अंजना नर्सला मात्र पडवीच्या पायरीशी लोखंडी खुर्ची मिळायची. ती कामथडीच्या बौद्धवाड्यातली. पुण्यात नर्सिंग शिकून ती करंजवाडीच्या उपकेंद्रात आली, त्याला सहा वर्षं झाली होती. गावातलं एक घर असं नव्हतं की जिथं तिच्या हातावर मूल जन्मलं नाही. सावळारामचा मुलगा ज्ञानूसुद्धा पौषात तिच्याच हातांनी सुटला. त्या दिवशी सावळारामची आई अक्काबाई तिच्या पाया पडायला वाकली होती. नंतर चहा आला तो पडवीच्या फळीवर उपड्या ठेवलेल्या निराळ्या कपातून. अंजनानं तो प्यायला, विसळला आणि परत उपडा ठेवला. त्याचंही तिला काही वाटेनासं झालं होतं.

चैत्र संपता संपता ती ज्ञानूला सुई टोचायला म्हणून त्या घरी गेली. पोर आता चार महिन्यांचं होत आलं होतं. अक्काबाई त्याला मांडीवर घेऊन बसली होती. अंजनाला बघताच तिनं दुपट्याचं टोक बाजूला केलं.

"बघा, नर्सबाई, कसं बाळसं धरलंय! गाल बघा, गाल! अगदी टीव्हीतल्या बाळावानी!"

गाल खरंच फुगले होते. डोळ्यांखालीही फुगवटा होता. पावलं गुबगुबीत, कातडी ताणलेली, जरा चकाकणारी. पण पोर हसत नव्हतं. रडतही नव्हतं. समोर धरलेल्या बोटाकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. डोक्यावरचे केस विरळ झाले होते आणि त्यांना तांबूस रंग आला होता.

अंजनानं त्याच्या पावलावर अंगठा टेकवला, दाबला आणि उचलला. तिथं खळगा पडला. भिजवलेल्या कणकेत पडावा तसा. तो भरून यायला किती वेळ लागला, ते ती बघत राहिली.

"अक्का, हे बाळसं नाही. सूज आहे."

"कसली सूज?"

"पोराला अन्न मिळत नाही."

अक्काबाई हसली. मग तिचं हसू गेलं. "माझ्या घरात? माझ्या नातवाला? काय बोलताय, नर्सबाई? दिवसाला पाच बाटल्या पितोय त्यो."

स्वयंपाकघराच्या दारात सून उभी होती, सरू. एकोणीस-वीस वर्षांची, चौथी शिकलेली. अंजनानं तिला विचारलं, "काय पाजता?"

"गोंडस. डब्यातलं," सरू हळूच म्हणाली.

"पाणी उकळून घेतेस?"

"व्हय. टीव्हीत सांगत्यात ना."

"आणि चमचे किती घालतेस?"

सरूनं सासूकडं पाहिलं. अक्काबाईच म्हणाली, "एक. टीव्हीत घालत्यात तेवढा. परवडत न्हाई म्हणून न्हवं, बरं का! माझ्या सावळ्याला काय कमी हाय? डबा संपायच्या आत दुसरा घेऊन येतो."

अंजनानं बाटली मागितली. सरूनं आणून दिली. उजेडाकडं धरल्यावर बाटलीतून पलीकडची भिंत दिसत होती.

"अंगावरचं का तोडलंस?"

या प्रश्नावर सरूनं मान खाली घातली. उत्तर परत अक्काबाईनंच दिलं. "हिचं दूध पातळ. निळसर. पेल्यात काढून बघितलं म्या. आन टीव्हीतलं बघा कसं, पांढरंशुभ्र! पोराचं पोट तरी भराया नगं का? आधीचे दोन गेले, नर्सबाई. एक पोटात, एक आठ दिसांचा. ह्या येळंला कसर ठेवायची न्हाई, असं म्या देवाम्होरं बोललेय."

घरात दोन म्हशी होत्या. त्यांचं दूध पहाटेच किटल्यांत भरून पुण्याला जायचं. म्हशीचं दूध तान्ह्याला जड, हे अक्काबाईला तिच्या सासूनं सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. म्हणून पुण्याला दूध घेऊन जाणारा टेम्पो येताना गोंडसचा डबा घेऊन यायचा.

"उद्या याला भोरला सरकारी दवाखान्यात नेऊ," अंजना म्हणाली. "आणि तोवर बाटली बंद. सरू, तू अंगावर घे त्याला."

"आसं कसं बंद?" अक्काबाईनं पोर छातीशी धरलं. "टीव्हीत डाक्टरीणबाई सांगती. पांढरा कोट घालून. ती खोटं बोलती व्हय? आन ऱ्हाऊ द्या टीव्ही. तुमच्या दवाखान्याच्या भिंतीला कुणाचं चित्र हाय, नर्सबाई?"

भिंतीवर चित्र होतं. मागच्या वर्षी गोंडस कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून आला होता. उपकेंद्राची पोपडे आलेली भिंत बघून त्यानं एक मोठं रंगीत चित्र दिलं, हसऱ्या बाळाचं. अंजनानं ते खुशीनं लावलं होतं. बायका सुई टोचून घेताना त्याच्याकडं बघत बसायच्या. आणि माघात सरूनं तिला विचारलंही होतं, "बाई, ह्ये चांगलं असतं का?" रांगेत पंधरा बायका होत्या. "चांगलं असतं, स्वच्छ असतं," एवढं म्हणून अंजनानं पुढच्या बाईचा दंड धरला होता.

त्या संध्याकाळी तिनं ते चित्र भिंतीवरून उतरवलं. उपयोग काहीच नव्हता. ज्यांनी बघायचं त्यांनी ते कधीच बघून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर सरू भेटली. अंजनानं तिला आडोशाला घेतलं. "अगं, पोराला अंगावर लाव. दूध आटलं असलं तरी लाव. चोखत राहिलं की येतं. दिवसातनं आठ-दहा वेळा. सासूला दिसू देऊ नकोस."

"आता कुठलं यायचं, बाई?"

"येतं. मी सांगते ना."

"व्हय," सरू म्हणाली. पण असं 'व्हय' अंजनानं सहा वर्षांत पुष्कळ ऐकलं होतं.

सावळारामला तिनं टेम्पोपाशी गाठलं. तो किटल्या विसळत होता. भला माणूस. "आई म्हणंल तसं, नर्सबाई," तो म्हणाला. "घरातल्या त्या गोष्टीत म्या पडत न्हाई."

मग मात्र अंजनाला राग आला. अक्काबाईचा नाही, सावळारामचाही नाही. सहा वर्षं ती या गावात उन्हापावसात हिंडली होती, पोरांची नाळ कापली होती, तापात रात्र रात्र बसली होती. आणि जी बाई या गावात कधी आली नाही, जिला ज्ञानूचं नावही ठाऊक नाही, तिचं एका मिनिटाचं बोलणं हिच्या सहा वर्षांवर भारी पडलं. हे कसं? ती बाई असं काय करते, जे मला येत नाही?

शनिवारी ती सिनेमाच्या आधी तासभर जाऊन खुर्चीवर बसली. लोकांना वाटलं, नर्सबाईंना सिनेमाचा नाद लागला.

सिनेमा सुरू व्हायच्या अगदी आधी जाहिराती लागायच्या. तेव्हा कुणी उठत नसे, कारण उठलं की जागा गेली. अंजनानं हे पहिलं टिपलं. तिची स्वतःची बोलणी व्हायची ती दारात, विहिरीवर, बाई डोक्यावर हंडा घेऊन निघालेली असताना. कान तिच्याकडं आणि पाय घराकडं. इथं माणसं मांडी घालून, तोंड वर करून, आता काय दिसतंय म्हणून वाट बघत बसलेली.

मग गोंडसची जाहिरात आली. पाळण्यापाशी एक तरुण आई. बाळ किरकिर करतंय. आईच्या कपाळाला आठ्या. आणि मग आवाज, बाईचाच, मऊ, थोरल्या बहिणीनं कानाशी लागून विचारावं तसा: "आई, बाळाचं पोट खरंच भरतं ना?"

पडवीतल्या बायकांच्या माना हलल्या. अंजनाला ते दिसलं. हा प्रश्न विचारल्यावर 'हो, भरतं' असं छातीवर हात ठेवून सांगणारी आई कुठं असते? आधी प्रश्नानं भोक पाडायचं, मग त्या भोकात डबा बसवायचा. तिनं स्वतः आजवर एकाही बाईला प्रश्न विचारला नव्हता. ती सांगत आली होती. हे करा, ते करू नका.

पडद्यावर पांढऱ्या कोटातली बाई आली. अंजना पुढं सरकून बघायला लागली. ती बाई स्वतःला डॉक्टर म्हणाली नाही. ती काहीच म्हणाली नाही. नुसती हसली, मान हलवली, बाळाच्या गालाला बोट लावलं आणि गेली. बोलणारा आवाज निराळाच होता. पण अंगणातल्या साठ माणसांपैकी कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं की डॉक्टरीणबाईनं गोंडस पाजायला सांगितलंय. कोटानंच सांगितलं होतं. आणि त्या कोटातल्या बाईची जात कुणाला विचारावीशी वाटली नव्हती. तिला चहा कुठल्या कपातून द्यायचा, हा प्रश्नच नव्हता. ती कुठलीच नव्हती, म्हणून ती सगळ्यांची होती.

पुढचं तिला पहिल्या दिवशी नीट दिसलं नाही. रविवारी ती परत जाऊन बसली. या वेळी तिनं बाळाकडं, कोटाकडं, कशाकडंच न बघता फक्त दूध कालवतात त्या पेल्याकडं बघायचं ठरवलं. हात आला. चमचा डब्यात बुडाला. भरून वर आला. पावडर बर्फासारखी पेल्यात पडली. आणि लगेच, डोळ्याचं पातं लवायच्या आत, पांढऱ्या घट्ट दुधानं भरलेली बाटली.

एक चमचा, आणि बाटली.

मधले चमचे कापले होते. पुण्यात सिनेमे बघितलेल्या अंजनाला ते कळलं. सिनेमात माणूस दारातून निघतो आणि लगेच मुंबईत उतरतो, मधला प्रवास आपण मनानं भरून घेतो. पण टीव्ही यायच्या आधी अक्काबाईनं उभ्या जन्मात सिनेमा बघितला नव्हता. तिनं जे दिसलं ते जसंच्या तसं केलं. चूक नको म्हणून. देवासमोर बोलली होती म्हणून. बाजारात शेंगतेलवाल्यावर कधी विश्वास न टाकणारी ती म्हातारी, जे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं त्यावर कसा अविश्वास दाखवणार?

आणि शेवटी पडदाभर बाळ. गाल फुगलेलं, हसणारं. जाहिरात संपली तरी ते बाळ डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

सोमवारी अंजना एसटीनं भोरला गेली. तिथल्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोराला कसंही करून घेऊन या. दिवस लावू नका." त्यांनी चिठ्ठीही दिली. अक्काबाईनं ती चिठ्ठी कपाळाला लावली आणि देवघरात ठेवून दिली. "बघू. पोर जरा आणखी भरलं की नेऊ. आत्ता नेलं तर चार लोकांची दृष्ट लागायची."

त्या दिवशी खळगा आणखी खोल पडला, आणि पोराला जुलाब लागले होते. बुधवारी परत, शुक्रवारी परत अंजना जाऊन आली. सांगून झालं, रागावून झालं, एकदा तर पदर पसरून झालं. शुक्रवारी अक्काबाई म्हणाली, "तुमाला माझ्या नातवाचं बाळसं बघवत न्हाई का, नर्सबाई?"

तेव्हा अंजनानं ठरवलं. बोलून हे होणार नाही. दाखवावं लागेल.

शनिवारी दुपारी तिनं नसरापूरच्या दुकानातून गोंडसचा एक डबा आणला. डब्यातला कागद इंग्रजीत होता, पण आकडे तिला वाचता येत होते: एका बाटलीला सात सपाट चमचे. तिनं पांढरी साडी खळ घालून कडक केली. सरकारनं दिलेला पितळी बिल्ला पेटीच्या तळातून काढून घासला आणि खांद्यावर लावला. सहा वर्षांत तो तिनं एकदाही लावला नव्हता.

सिनेमाच्या मध्ये बातम्या लागायच्या, तेव्हा माणसं तंबाखू मळायची. अंजनानं सावळारामला सांगून आवाज बारीक करवला आणि पडवीच्या पायरीवर, टीव्हीच्या शेजारी, स्टूल मांडलं. त्यावर दोन काचेचे पेले. लोकांना गंमत वाटली.

"नर्सबाई, जादूचे खेळ करताय का काय?" कोंडिबानं विचारलं.

"बाबा, तुम्ही पुढं या. तुमचे डोळे चांगले आहेत."

तिनं दोन्ही पेल्यांत उकळून कोमट केलेलं पाणी ओतलं. मग विचारलं, मऊ आवाजात, जणू एकेकीच्या कानाशी लागून: "बायांनो, टीव्हीत चमचे किती दिसतात?"

"एक!" अंगणातून पंचवीस आवाज आले.

तिनं पहिल्या पेल्यात एक चमचा घातला. ढवळला. पेला उचलून पडवीच्या बल्बसमोर धरला. पेल्यातून बल्ब दिसत होता. तांदळाचं धुवण बरं, असं ते पाणी.

"ह्यो तर सावळारामाच्या डेअरीचा नमुना!" कोंडिबा ओरडला. अंगण हसून लोटपोट झालं. सावळारामही हसला.

मग दुसरा पेला. अंजनानं एकेक चमचा मोजून घातला. तीन. चार. माणसं तिच्याबरोबर मोजायला लागली. पाच. सहा. सात. ढवळलं. दुसरा पेला तिनं उचलला तेव्हा अंगणातून 'आगं बया' असा आवाज निघाला. पांढरंशुभ्र, घट्ट दूध. पडद्यावर दिसायचं तेच.

बायकांच्या माना वळल्या त्या अक्काबाईकडं. अक्काबाई उभी राहिली होती. तिचा चेहरा कसनुसा झाला. "म्हंजे म्या पोराला पाणीच पाजलं व्हय? अडीच महिनं नुसतं पाणी?" ती मटकन खाली बसली आणि तिनं डोक्यावर हात मारून घेतला.

अंजनानं पेला हातात धरूनच पुढचं सांगितलं. या डब्याची गरजच नाही. आईच्या अंगावरचं निळसर दिसलं तरी तेच खरं. सूज आलेल्या पोराला आधी दवाखाना, घरी काही नवं सुरू करायचं नाही. ती हे सांगत होती तेव्हा बातम्या संपल्या. कुणीतरी आवाज मोठा केला आणि सिनेमा पुढं सुरू झाला. माणसं आपापल्या जागी सरकली. पण अंजनाला त्याचं काही वाटलं नाही. अक्काबाई तिचा हात धरून रडत होती. "सोमवारी नेते भोरला. उद्या आमुशा हाय, नर्सबाई. सोमवारी सकाळीच. तुमी बी चला."

"सोमवारी नक्की?"

"नातवाची आण."

घरी जाताना अंजनाला वाटलं, आपण जिंकलो.

रविवारी पहाटे डोंगराकडच्या एका धनगरवाड्यातून बोलावणं आलं. बाई अडली होती. अंजना चालत गेली. मूल पायाळू होतं, आणि ती रात्र तिथंच गेली. सोमवारी उजाडता उजाडता ती डोंगर उतरून थेट अक्काबाईच्या घरी आली. दारात टेम्पो उभा होता. भरलेल्या किटल्या भराभर उतरवून सावळाराम अंगणात ठेवत होता.

आत पोर अक्काबाईच्या मांडीवर ताठ झालं होतं. डोळे वर. हातपाय झटके देत होते. ओठ कोरडे, चिरलेले. शेजारी बाटली होती. अंजनानं ती उचलली. दूध इतकं दाट होतं की बाटली वाकडी केली तरी काचेला चिकटून राहत होतं.

"किती चमचे घातले?"

"धा. शीग लावून," अक्काबाई म्हणाली. "राहिलेलं भरून काढाया नगं का? परवाच्या रातीपासनं दर दोन घंट्यांला पाजतोय. वकला, तरी परत पाजलं."

"अक्का, मी सांगितलं होतं ना, काही नवं सुरू करायचं नाही म्हणून!"

अक्काबाईनं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात भांडण नव्हतं. खरंच न कळल्यासारखं ते बघणं होतं. "तुमीच दाखवलं न्हाई का, बाई? पेला भरून?"

पोराला दुपट्यात गुंडाळून ती टेम्पोत बसली. शेजारी सरू, तिच्या मांडीवर ज्ञानू. दाट दुधानं अंगातलं पाणी ओढून घेतलेल्या त्या पोराच्या ओठांना पाण्याचे थेंब लावत अंजना बसून होती आणि रस्ताभर तिला तो दुसरा पेला दिसत होता. जाहिरातीत शेवटी काय दाखवतात, ते तिनं दोन संध्याकाळी बसून शिकून घेतलं होतं. शेवटी दाखवलेलं राहतं. बाकीचं वाहून जातं. आणि तिनं स्वतः शेवटी काय उचलून धरलं? काठोकाठ भरलेलं पांढरंशुभ्र दूध, बिल्ला लावून, बल्बच्या उजेडात. दवाखान्याचं ती नंतर तोंडानं बोलली. आईच्या दुधाचं तर तिनं काहीच दाखवलं नव्हतं. गोंडसची जाहिरात पुण्यामुंबईत कुणी केली नसेल इतकी चांगली तिनं करंजवाडीत केली होती.

कापूरहोळच्या फाट्याच्या अलीकडं पोराचे झटके थांबले. सरूनं हसून वर बघितलं. "निजला," ती म्हणाली.

अंजनानं त्याच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग तिनं पुढच्या काचेवर हात मारून सावळारामला टेम्पो थांबवायला सांगितलं.

त्या दिवशी दूध पुण्याला गेलं नाही. किटल्या अंगणात उन्हात राहिल्या आणि संध्याकाळी सावळारामनं त्या ओढ्यात ओतल्या.

गावानं डब्याला दोष दिला नाही. टीव्हीला तर नाहीच. नर्सबाईलाही दिला नाही, आणि तेच अंजनाला सहन होत नव्हतं. "चमचे कमी पडले, मग जास्त झाले. नशीब अक्काचं," असं बायका म्हणाल्या. दोन आठवडे टीव्हीवर चादर होती, मग ती निघाली. उपकेंद्रात बायका यायच्या आणि रांगेत उभं राहून विचारायच्या, "नर्सबाई, सपाट सातच ना? शीग नको ना?" आधी ज्यांनी कधी डबा आणला नव्हता, त्याही विचारायच्या. नसरापूरचा दुकानदार तर तिला एसटीच्या थांब्यावर हात जोडून म्हणाला, "बाई, तुमच्यामुळं माल पुरंना झालाय."

ती प्रत्येकीला सांगायची, एकसुद्धा नको. बायका 'व्हय' म्हणायच्या.

ज्ञानूला जाऊन बारा दिवस झाले असतील. भर दुपारी उपकेंद्रात कुणी नव्हतं, तेव्हा सरू आली. दार लोटून बाकावर बसली. छातीशी पदर घट्ट धरलेला. चेहरा तापल्यासारखा लाल.

"काय होतंय?" अंजनानं विचारलं.

सरूनं पदर सोडला. चोळी दोन्ही बाजूंनी ओली होती.

"तुमी सांगितल्यापासनं रोज लावत हुते," ती म्हणाली. "गोठ्यात. सासू देवळात गेली की. त्याला चोखायचा जोर नव्हता, तरी धरायचा जरा जरा. एक थेंब येत नव्हता. आमुशेला जरासं वलं झालं. म्या सासूला बोलणार हुते, पर त्यांनी बाटली तोंडातनं काढलीच न्हाई दोन दिस." ती थांबली. "त्यो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी रातच्याला भराया लागलं. आता थांबतच न्हाई. काय करू, बाई?"

अंजनानं दाराला कडी लावली. उपकेंद्राच्या मागं मोगऱ्याचं झुडूप होतं, वैशाखात फुलून आलेलं. ती मागच्या दारानं जाऊन ओंजळभर फुलं तोडून घेऊन आली. दूध आटायला फुलं बांधतात, हे तिला कॉलेजानं नव्हे, आईनं शिकवलं होतं. तिनं धुतलेल्या धोतराचा फडका फाडला, फुलं त्यात पसरली आणि सरूच्या पाठीमागं उभी राहिली.

"श्वास सोड," ती म्हणाली, आणि तिनं फडका ओढून बांधायला सुरुवात केली.

"घट्ट बांधू?"

"बांधा," सरू म्हणाली. पण पहिली गाठ बसायच्या आत तिनं अंजनाचा हात धरला. तो तिनं बराच वेळ सोडला नाही, आणि अंजनानंही सोडवून घेतला नाही.